खालचा नट

उस्तादांनी किल्ली फिरवली. कट. पुन्हा फिरवली. कट. इंजिन काही हललं नाही.

बॉनेटपाशी गरम पाण्याचं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं मान खाली घातली. आज चौथा दिवस.

सोमवारी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर पांढरट-हिरवी भुकटी चढलेली होती. सोड्याच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून उस्तादांनी ती घासून काढली, पॉलिशपेपर मारला, वरून व्हॅसलीन लावलं. दुसऱ्या दिवशी बॅटरी दुकानात दाखवून आणली. दुकानदार म्हणाला, ठणठणीत आहे. काल सगळे फ्यूज काढून परत बसवले. चौतीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचा. गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची ते काही उगाच नाही.

"आता राहिलं अर्थिंग," ते उतरत म्हणाले. "बॅटरीखाली वायर बॉडीला जोडलीय ना, तो नट बघ गं जरा. घट्ट आहे का? मला तिथलं दिसत नाही, आणि हा पंजा आत जात नाही."

लग्न झाल्यापासून अडचणीच्या जागी तिचाच हात जायचा. तिनं पातेलं खाली ठेवलं, वाकून हात आत घातला. नट बोटाला लागला. दोन आटे सैल. सोमवारी उस्ताद अंघोळीला गेले होते तेव्हा तिनंच तो दहा नंबरच्या पान्यानं सोडला होता.

"घट्ट आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

तेवढ्यात फाटकाशी शेजारीण आली. स्कूटरचा हॉर्न वाजेना झालाय, बघता का म्हणाली.

"दुसरीकडे दाखवा, ताई," उस्ताद म्हणाले. "मला आता कळेनासं झालंय."

शेजारीण हसली. तिला ती थट्टा वाटली. उस्ताद हसले नाहीत. ती गेल्यावर ते पायरीवर बसले आणि एकेक पाना फडक्यानं पुसून पेटीत ठेवू लागले. कामानंतर ठेवायचे तसे नाही, सावकाश, एकावर एक.

बायकोला गाडी बंद पाडायची होती. बंद पडत चालले होते उस्ताद.

तिनं त्यांच्या हातातला पाना घेतला, वाकली, आणि अंदाजानंच नट आवळला.

"लावा किल्ली."

पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. उस्तादांचा चेहरा असा काही उजळला की तिला बघवेना.

"सैल होता ना? तरी मी म्हणत होतो!"

"मीच केला होता. सोमवारी."

"तू?"

"रविवारी त्या वळणावर ती शिवणकामवाली पडली ना सायकलवरून. आपल्या गाडीचा धक्का लागला."



"कुठली शिवणकामवाली?"

चार दिवस तिनं मनाशी कितीतरी उत्तरं घोकली होती. ते चिडतील, ओरडतील, चूक त्या सायकलवालीचीच होती म्हणतील, या सगळ्यावर उत्तर तयार होतं. हा प्रश्न तिनं धरलाच नव्हता.

"माझ्या बाजूनं येत होती," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला दिसली नाही. तुम्ही वळवलीत."

"मी थांबलो नाही?"

"नाही."

"आणि तू?"

"मी आरशात बघितलं. ती उठून उभी राहिली. म्हटलं, लागलं नसेल फार." "काल बाजारात दिसली. हात गळ्यात बांधलाय."

उस्तादांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून मुठीत धरली.

"घर माहीत आहे तिचं?"

"पाण्याच्या टाकीमागे."

"चालत किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं. तुमच्या चालीनं अर्धा तास."

ते दार चाचपत उतरले. हात धुतले, केसांवरून ओला तळवा फिरवला आणि शाळेत निघालेल्या पोरासारखे तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"शर्टाला काही लागलंय का गं?"

ती जवळ गेली. दोन्ही बाह्या हातात धरून, उजेडाकडे वळवून नीट बघितल्या.

"लागलंय," ती म्हणाली. "खिशाजवळ ग्रीस आहे. बाहीलाही. बदला."