सासूबाईंच्या गळ्यातला टायबेरियस

रोमन नाण्यांचा नाद इतिहासाच्या प्रेमातून लागतो, असं जाणकार सांगतात. राजवर्धनला तो एका खलाशाकडून लागला. न्हावा शेव्याला तो क्लिअरिंग एजंटकडे कारकून होता. खलाशाने विडीच्या बंडलाच्या बदल्यात त्याच्या हातावर एक झिजलेलं, काळपट नाणं टेकवलं. त्यावरचा सम्राट हुबेहूब त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा दिसत होता. पाण्याच्या बिलावरून बोलणारं तोंड दोन हजार वर्षांपूर्वीही होतं, या विचाराने त्याची झोप उडाली. ती परत आली नाही.

पुढे डबाभर काळपट नाणी जमली. सोन्याचं एकही नाही. ते त्याने फक्त कॅटलॉगमध्ये पाहिलं होतं.

मग ते कोपरखैरण्यात दिसलं. आईला घेऊन मुलगी बघायला गेला होता, तिथे मुलीच्या आईच्या गळ्यात, काळ्या पोतीत ओवलेलं. आखूड केस, लांब नाक. सम्राट टायबेरियस, सोन्यात. पोह्यांचा चमचा वाटेतच थांबला.

सत्यभामाबाईंनी पदर गळ्याशी ओढून घेतला. "पाव्हणं, पोरगी हिकडं बसलीया."

"हो, हो. ते गळ्यातलं... जुनं दिसतंय."

"आमच्या आजेसासऱ्यांना हीर खणताना घावलं, साताऱ्याकडं. कोन तरी म्हातारा हाय त्यावर."

मुलीचे वडील कृष्णात वाशीच्या बाजारात माथाडी होते. त्यांनी घसा खाकरून देण्याघेण्याचं काढलं. राजवर्धनची आई तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला.

"मला काही नको. फक्त आठवण म्हणून आईंच्या गळ्यातलं ते जुनं सोनं द्या."

'नाणं' हा शब्द त्याने मुद्दाम गिळला. किंमत कळली की माणसं आठवणी विकतात.

कृष्णातांचे डोळे भरून आले. सत्यभामाबाईंनी जागच्या जागी होकार दिला. त्याच्या आईने मात्र जिना उतरेपर्यंत कसाबसा दम धरला. "मेल्या, फ्रिज तरी मागायचास!"

मुलीचं नाव ज्ञानेश्वरी आहे, हे त्याला पत्रिका छापून आल्यावर कळलं.

तो दर रविवारी सासुरवाडीला जायला लागला.

"जावईबापू, ज्ञानेश्वरी मैत्रिणीकडं गेलीया."

"असू दे. मी तुम्हालाच बघायला आलो."

हे वाक्य सत्यभामाबाईंनी सगळ्या चाळीला सांगितलं.

लग्नाच्या आदल्या रविवारी गळा रिकामा होता.

"ते कुठं गेलं?" त्याचा आवाज फाटला.

"शिवतेज घिऊन गेलाय पनवेलला. कुनाला तरी दाखवतो म्हनला."

शिवतेज म्हणजे ज्ञानेश्वरीचा भाऊ. पोरगा चलाख. राजवर्धनच्या डोळ्यांपुढे एक दलाल आला, भिंग लावून बसलेला. संध्याकाळी त्याने बूथवरून फोन लावला. "शिवतेज, विकू नकोस रे! माझी स्कूटर घे. पीएफ काढतो. पाया पडतो तुझ्या."

"काय विकतोय, दाजी? टेन्शन घेऊ नका. माणूस एकदम ओळखीतला आहे." फोन कट.

तो जेवला नाही. हळदीला त्याचं तोंड बघून बायका कुजबुजल्या. त्याचं ठरलं होतं: नाणं आलं नाही, तर अंतरपाटापुढून चालतं व्हायचं. काय बोलून उठायचं, तेही त्याने आरशासमोर म्हणून बघितलं.

मांडवात भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला. राजवर्धनने घसा साफ केला. तेवढ्यात शिवतेज घाम पुसत धावत आला आणि त्याच्या मुठीत एक लाल डबी कोंबली.

"घ्या, दाजी. किती जीव खाल्लात! आईच्या गळ्यातलं. दिलेला शब्द पाळतो आम्ही."

राजवर्धनला रडूच फुटलं. त्याने वाकून मेव्हण्याचेच पाय धरले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मंगळसूत्र बांधून झालं. डबी मुठीतच होती. सप्तपदीनंतर बसायला मिळालं, तेव्हा त्याने ती उघडली.

आत अंगठी होती. वर 'रा' कोरलेला.

"सगळं आईचंच सोनं आहे," शिवतेज म्हणाला. "फक्त चोख सोनं फार मऊ पडतं म्हणून सोनाराने आटवताना थोडं तांबं घातलंय."