काचेवरचा टिळा

नव्या गाडीत बसून, गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक मांडीवर उघडून दाओने तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचला. पिवळा दिवा लागल्यास समोरच्या काचेवर, कॅमेऱ्यापुढे, चिखल, स्टिकर किंवा कसलाही थर नाही ना ते पाहावे. असल्यास ओल्या मऊ फडक्याने पुसावा. तोपर्यंत गाडी आपणहून ब्रेक लावणार नाही.

थर होता. चांगला जाड होता. काल सकाळी गावच्या विहारात लुआंग पोंनी पांढऱ्या मातीच्या लेपाचे नऊ ठिपके काढून त्यावर सोन्याचा वर्ख दाबून बसवला होता. ऐंशी ओलांडलेले वृद्ध भिक्खू ते, बोट थरथरत होतं. एकेका ठिपक्याला एक मंत्र. तेवढा वेळ दाओची आई, खाम्पेंग, उन्हात हात जोडून उभी होती.

खरं तर गाडीच्या रक्षणाचा हा टिळा लुआंग पो आत छतालाच लावणार होते. सगळ्यांच्या गाड्यांना तिथेच लावतात. दाओच मध्ये पडली. "लुआंग पो, छताचं कापड कोरं आहे हो, डाग जायचा नाही. बाहेरून काचेवर लावा ना." म्हातारे हसले, बाहेर आले आणि त्यांनी काचेच्या वरच्या कडेला, अगदी मधोमध बोट टेकवलं. घरी पोचेपर्यंत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. कापड वाचवायला गेली आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

आता बँकॉकपर्यंत साडेपाचशे किलोमीटर एकटीने गाडी चालवायची होती. आईने जाऊ दिलं होतं ते त्या टिळ्याच्या भरवशावर. ज्या पिकअपमध्ये दाओचे वडील गेले, तिला टिळा नव्हता. आई हे कधी बोलून दाखवत नसे. पण घरातलं कोणी गाडी घेऊन निघालं, की ते पोचल्याचा फोन येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

स्वयंपाकघरातून मिरच्या भाजल्याचा ठसका येत होता. म्हणजे आई अजून चुलीपाशी आहे. दाओ खाली उतरली. तिने नळावर फडकं ओलं केलं, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि पुसायला लागली. लेप लगेच निघाला. वर्ख मात्र निघेना, नखाने खरवडावा लागला. आपण चोरी करतोय असं तिला वाटलं, आणि कोणाची करतोय तेही कळत होतं. कपाळावरचा घाम तिने बोटांनी निपटला, आत बसून गाडी सुरू केली. दिवा विझला होता.

आई डबा घेऊन बाहेर आली. तिने खिडकीतून डोकं आत घातलं. मोतीबिंदूने तिला सगळं धुकट दिसायचं, पण दिव्याचा तो पिवळा ठिपका तिने कालपासून डोक्यात घेतला होता.

"अगंबाई! गेला की गं दिवा!"

"गेला," दाओ म्हणाली. फडकं तिने मांडीखाली सरकवलं.

"तुला सांगितलं नाही, घाबरशील म्हणून. टिळा लावला आणि लगेच तो मेला दिवा पेटला. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलंय, म्हणून आशीर्वाद लागेना. पहाटे परत विहारात जाऊन आले. चालत."

"चालत? आई, चार किलोमीटर आहे!"

"मग काय उडत जाऊ? लुआंग पोंसमोर बसले. म्हटलं, काय असेल ते माझ्या माथी येऊ दे, पोरीच्या गाडीला नको. पाणी शिंपडलं त्यांनी माझ्यावर. आणि म्हणाले काय, पोरीला गाडीचं पुस्तक वाचायला सांग! आता बोला. फार वय झालं की माणूस काहीबाही बोलतं. पण पाणी लागू पडलं बघ."

दाओला वाटलं, सांगून टाकावं. सांगितलं, तर आजपासून आई फोन आल्यावरही जेवायची नाही. "आई, ते मी..."

पण आई तोवर गाडीच्या पुढे गेली होती. तिने हात लुंगीला पुसले, जोडून कपाळाशी नेले आणि काचेच्या वरच्या कडेला, मधोमध, वाकून नमस्कार केला. काच लख्ख होती. तिथे फक्त कॅमेऱ्याचा बारीक काळा डोळा होता.

"गाडी धुशील तेव्हा तेवढी जागा सोड हं," ती परत खिडकीशी येत म्हणाली. "पुसू नकोस."

"नाही पुसणार."

आईने आत हात घालून तिच्या गालावरून फिरवला आणि थांबली. अगदी जवळ येऊन डोळे बारीक करून पाहिलं. "हे काय गं? कपाळावर चमकतंय."

दाओने आरशात पाहिलं. भुवयांच्या वर वर्खाचा एक कपटा चिकटला होता.

"काल उडून लागला असेल," आई हसली. "बघ, तुझ्यासाठीही थोडा ठेवला त्यांनी." आणि आपला मिरचीचा वास येणारा अंगठा तिच्या कपाळावर ठेवून तिने तो वर्ख घट्ट दाबून बसवला.

गाडीत गार हवा सुरू होती, तरी गावाची वेस ओलांडेपर्यंत दाओला घाम फुटला होता. तो भुवयांवरून ओघळून डोळ्यांत उतरला, डोळे चुरचुरू लागले. तिने कपाळाला हात लावला नाही.