ताशी एकवीस प्रकरणे

परिपत्रक म्हणते की पेन्शन शाखेतील लिपिक मोकाशी ताशी एकवीस प्रकरणे निकाली काढतात. परिपत्रक खोटे नाही. त्रुटी दाखवून परत पाठवलेला अर्जही ‘निकाली’च मोजला जातो, आणि तोच पुन्हा आला की नवा ठरतो.

चौकशी अधिकारी बाईंनी एक फाइल उघडली. “हौसाबाई धुमाळ. एका अर्जाचे नऊ निकाल! नऊही त्रुटी पहिल्याच पत्रात का नाही कळवल्या?”

“मॅडम, मग आकडा एकच भरला असता.”

“शाबास! आता हा अर्ज माझ्यासमोर मंजूर करा. ती विधवा दोन वर्षे वाट बघते आहे.”

मोकाशींनी पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. “मॅडम, नववे पाकीट पोस्टाने ‘बाई मयत’ असा शेरा मारून परत केले. तेही मी निकालीच धरले.”