अंगणातली निळी दोरी

गाठ सुटेना, तेव्हा मेलेनाइतेनं कोयता घेतला. परसातल्या खोपीपासून नीरफणसाच्या झाडापर्यंत, तिथून स्वयंपाकघराच्या खांबाला, मग न्हाणीला आणि शेवटी फाटकाला बांधलेली मासेमारीची निळी दोरी. सगळी कमरेच्या उंचीवर. मध्येच कुठे चिंधी बांधलेली, कुठे शंख. या उंचीवर कपडेही वाळत घालता येत नाहीत. येता-जाता नुसती पोटाला अडते.

"तुझ्या आईला शेवटी शेवटी खूळच लागलं होतं," खवणीवर नारळ खवत लोसे आत्या म्हणाली. "दोरीला कुणी हात लावला की अंगावर धावायची. घरातलं बाक वीतभर हलवू द्यायची नाही."

"आता कोण धावणार आहे," मेलेनाइते म्हणाली आणि दोरी कापली.

आईला पुरून आठवडा झाला होता. उद्याच्या विमानानं मेलेनाइतेला ऑकलंडला परतायचं होतं. त्याआधी घर आवरायचं होतं. बाक तिनं खिडकीखाली नेलं होतं, पाण्याचे हंडे दुसरीकडे ठेवले होते. आवरता येत नव्हता तो फक्त सेमिसीवरचा राग.

सेमिसी तिचा थोरला भाऊ. आईला आत चटयांवर निजवलं होतं, तेव्हा तो दाराबाहेर उभा राहिला. ते बरोबरच होतं. उशाशी बहीण बसलेली असताना भाऊ आत येत नाही. टोंगात बहिणीचा मान असतो तो. वयात आल्यापासून ती दोघं एका छपराखाली झोपली नव्हती; तो परसातल्या खोपीत राहायचा. ती अंगणात आली की तो मागे वळायचा. समोरासमोर आलीच, तर दोघांची नजर जमिनीवर. पण त्यानं आईचा शेवटचा मुका घ्यावा म्हणून ती मुद्दाम उठून बाहेर गेली होती, तरीही तो आत आला नाही. तेही तिनं गिळलं.

काल मात्र हद्द झाली. आईच्या कबरीवर पांढरी वाळू घालायचं काम तिनं त्याच्याकडे दिलं होतं. गाडीवाल्यानं पोती दफनभूमीच्या दाराशी उतरवली. सेमिसीनं एकेक पोतं खांद्यावर नेलं आणि शेजारच्या, माफी नावाच्या म्हाताऱ्याच्या कबरीवर ओतलं. वर हातानं सारखं केलं, अगदी मायेनं.

"माफीला इतक्या वर्षांनी नवी गादी मिळाली," कुणीतरी म्हणालं. लोक हसले. सेमिसीनं हात झटकले आणि कुंपण धरत धरत, झिंगल्यासारखा घरी गेला.

"हल्ली रस्त्यात समोर आला तरी ओळख देत नाही," आत्या म्हणाली. "चर्चमध्ये किती सुरेख वाचायचा बायबल. तेही सोडलं. तालेवार झालाय."

"तालेवार कसला, दारुडा झालाय. उद्या त्याचा निरोप न घेताच जाणार मी. आणि पुन्हा यायची नाही. कुणासाठी यायचं?"

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. खोबरं घेऊन ती शेजारी गेली.

दुपार टळटळीत होती. मेलेनाइते दोरीचे तुकडे गुंडाळत होती. खोपीचं दार वाजलं आणि सेमिसी बाहेर आला. तिनं सवयीनं मान खाली घातली. आता तो मागे वळेल.

पावलं वळली नाहीत. सरळ तिच्याच दिशेनं येऊ लागली. एवढीही लाज उरली नाही का याला? रागानं तिनं मान वर केली आणि वयात आल्यानंतर पहिल्यांदाच भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

त्याचा उजवा हात पुढे होता, कमरेच्या उंचीवर. बोटं हवेत काहीतरी शोधत होती. नीरफणसाच्या खोडापाशी हाताला दोरीचा कापलेला बुडखा लागला. तो त्यानं धरला. पुढे काहीच नव्हतं. हात पुन्हा पुन्हा तिथंच फिरला.

लख्ख उन्हात, तिच्यापासून चार हातांवर उभा राहून तो म्हणाला, "कोण आहे?"

सुतकात कमरेला गुंडाळतात ती चटई, आत्याच्याही कमरेला होती तशीच, तिच्या अंगावर सळसळली.

"आत्या, तू होय." तो ओशाळं हसला. "कळलं म्हणजे तुला. साखरेनं डोळे नेले. आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. मेलेनाइतेला बोलू नकोस हं. उद्या जाऊ दे तिला. कळलं तर ती जायची नाही."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. आवाज ओळखला तर तो मागे फिरेल. हातातल्या दोरीचं एक टोक तिनं त्याच्या तळव्यावर ठेवलं. दुसरं आपल्या मुठीत धरून ती चालू लागली.

त्याच्या टोकाला शंख होता. ती न्हाणीची खूण; तो चाचपताच त्याचं पाऊल न्हाणीकडे वळलं. तिनं दोरी हलकेच ओढली. फाटक, रस्ता, दफनभूमीचं दार. माफीची वाळू उन्हात चमकत होती. तिच्या शेजारी उघड्या मातीपाशी ती थांबली.

सेमिसी गुडघ्यांवर बसला. मातीवर तळवा टेकला.

"ही आईच ना, आत्या?"

"आईच, दादा."

त्याचा हात मातीवर थबकला. मेलेनाइतेनं नजर खाली घातली. तो उठून जाईल म्हणून ती थांबून राहिली.

दोरी सैल झाली नाही.