हॉर्नवाल्या बाबाची बायको

"हा देव नाही, बुवा. हा अकोटचा एक ट्रक ड्रायव्हर आहे," मंजुषा म्हणाली आणि चपला न काढताच ओट्यावर टेकली.

बुवाचं डोकं सणकलं. हातातला नारळ त्यानं खाली ठेवला, एवढीच त्याची सभ्यता.

"चपला उतरवा आधी. मंग बोला."

मंजुषा अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायची. देव कसे तयार होतात, यावर तिचा प्रबंध चालला होता. त्यापायी महिन्याभरात ती तिसऱ्यांदा घाटात आली होती, आणि दर खेपेला बुवाच्या कपाळावर एक आठी वाढत होती.

हॉर्नवाल्या बाबाचं ठाणं अकोटच्या वर, घाटातल्या सगळ्यात अवघड वळणावर. शेंदूर फासलेला दगड, वर पत्रे, मागे बुवाची खोली. येणारी-जाणारी गाडी तीनदा हॉर्न दिल्याशिवाय पुढे जात नसे. बाबाची कथा घाटातल्या लहान पोरालाही पाठ होती. कापसाच्या ट्रकचा ब्रेक गेला, समोर लग्नाच्या पाहुण्यांनी भरलेली गाडी, आणि बाबानं स्टिअरिंग दरीकडे फिरवून चाळीस जीव वाचवले. दरीत कापूस दोन दिवस जळत होता. एक हाडसुद्धा हाती लागलं नाही. म्हणजे बाबा सदेह गेला, असं लोकांनी ठरवून टाकलं.

"ग्रीसमध्ये एक जण होऊन गेला, युहेमेरस," मंजुषा वर्गात शिकवावं तशी सांगू लागली. "त्याचं म्हणणं, देव हे मुळात माणसंच. राजे, पराक्रमी, लोकांच्या कामी आलेले. पुढे लोकांनी त्यांना देव केलं. एका बेटावर सोन्याच्या खांबावर त्यांची चरित्रं कोरलेली पाहिली, असं तो लिहितो. आणि त्यांचा सगळ्यात मोठा देव झ्यूस, त्यानं तर जिवंतपणीच गावोगाव फिरून स्वतःची देवळं बसवली म्हणे."

बुवा दिव्यात तेल ओतत होता. तेल दिव्याबाहेर, ओट्यावर सांडलं.

"तुमचं गिरीस तिकडंच ठेवा," तो खेकसला. "लोकं इथं हात जोडतात अन् सुखरूप घरी पोचतात. तुमच्या कागदानं कोनाचं काय भलं होऊन राह्यलं?"

"मला खरं काय ते हवंय. शालिकराम त्याचं नाव. बायको आहे अकोटात, पार्बताबाई. येत्या रविवारी तिला इथं घेऊन येते. हाच माझा नवरा, एवढं ती बोलली की माझं काम झालं."

"तिले आनू नका."

"का? भीती वाटते?"

बुवा दिव्याची वात सारू लागला. भीती वाटतच होती. अठरा वर्षं तो इथं झाडलोट करत होता आणि या पत्र्यांखेरीज जगात त्याला दुसरा आसरा नव्हता. बाबा माणूस ठरला, तर आज पाया पडणारे हेच लोक उद्या आपल्याला दगड मारतील, हे तो पुरता जाणून होता. आठवडाभर त्याला घास गोड लागला नाही. दोनदा त्यानं बोचकं बांधलं आणि दोनदा सोडलं.

रविवारी दुपारी गाडी थांबली. हॉर्न वाजला नाही, तेव्हाच बुवा समजला. त्यानं उपरणं डोक्यावरून ओढून घेतलं, दाढी छातीशी दाबली आणि रस्त्याकडे पाठ करून बसला.

पार्बताबाई सावकाश चढून आली. साठीला टेकलेली, काटक, पांढऱ्या कपाळाची. अपघातानंतरच्या सव्वीस वर्षांत ती इकडे एकदाही फिरकली नव्हती. ज्या वळणानं संसार गिळला तिथं जाऊन काय पाहायचं, असं म्हणायची. आताही तिनं दगडाला हात जोडले नाहीत. सरळ बुवापुढे येऊन उभी राहिली.

"अंगारा द्या."

त्यानं मान वर न करता तिच्या तळहातावर चिमूट ठेवली. ती त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. मग वाकून चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

मंजुषानं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "सांगा काकू. हा बाबा म्हणजे तुमचे शालिकरामच ना?"

"नाई. हा माह्या घरचा मानूस नोहे. हा देव हाय."

"गाडीत तर तुम्ही वेगळंच सांगत होतात."

"गाडीत मी देव पायला नव्हता."

मंजुषाचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्हा लोकांपुढे डोकं फोडून उपयोग नाही," असं म्हणून ती तरातरा खाली निघून गेली. बुवाचा जीव भांड्यात पडला.

पार्बताबाई मात्र जागची हलली नाही. खाली गाडीचं दार आपटलं, तसा तिनं हातातला अंगारा जमिनीवर झटकून टाकला.

"ट्रकातून उडी मारून पळाले तुमी, आज समजलं मले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पोट्टा देवाचा लेक म्हनून गावात मान ताठ करून फिरते. तुमी आता मरेपावतर देवच राहा, घरी येऊ नका."