बारावी किल्ली

ऑपरेटरबाईंनी पुन्हा मोजल्या. पॅनेलमध्ये अकराच किल्ल्या होत्या. बोगद्यात शिरताना प्रत्येकाने आपली सोबत न्यायची, आणि बाराही परत लागल्याशिवाय कण पळवणारं यंत्र सुरूच व्हायचं नाही. चालू यंत्राच्या किरणोत्सर्गात सापडलेला माणूस संपलाच. बारावी किल्ली फिटरकाकांकडे होती, आणि काका ठार बहिरे, कानाशी भोंगा वाजला तरी ढिम्म. “पाहुणे ताटकळलेत, बाई,” संचालक डुप्लिकेट किल्ली पुढे करत म्हणाले. “म्हातारा विसरून घरी घेऊन गेला असेल. ही लावा.” “आधी आत बघून येते.” “तुमच्यासारख्या छप्पन्न ऑपरेटर मिळतील.” “मिळतील की, साहेब. डुप्लिकेट मात्र एकच ना?” “एकच. माझ्या तिजोरीतली.” बाईंनी ती टेबलावर ठेवली, पॅनेलमधून स्वतःची किल्ली उपसली, मुठीत आवळली आणि बोगद्याचं दार खांद्याने ढकललं. “आता दोन कमी,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “चालवा मशीन.”