चौथी बांधणी

“दादा, आज नक्की ना?” बहिणीने विचारलं. सकाळपासून हे पाचव्यांदा, आणि उत्तर द्यायला बाइंडरला आज मुळीच कंटाळा येत नव्हता.

“आज वरचं सभागृह मध्ये नाहीच गं. खालच्यांनी हात वर केले की झाला कायदा.”

विधानभवनाच्या तळघरात बसून विधेयकं शिवायची, हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. खडीच्या धुळीने ज्यांची छाती गेली त्यांच्या औषधपाण्याचा भार खाणमालकाने उचलायचा, असं सांगणारं हे विधेयक त्याने तीनदा शिवलं होतं. तीनदा खालच्या सभागृहाने ते पास केलं आणि तीनदा वरच्याने परत पाठवलं. पण नियम असा की वरच्याला तीनदाच अडवता येतं. चौथ्यांदा खालच्यांनी तेच विधेयक पास केलं, की वरच्यांना विचारायचंही कारण नाही. बहिणीने अकरा वर्षं खडी फोडली होती. गॅलरीचे जिने तिला चढवत नव्हते, म्हणून ती इथेच स्टुलावर बसली होती, भिंतीवरच्या कर्ण्याखाली. खालच्या सभागृहातलं बोलणं त्यातून ऐकू यायचं.

ती पाणी प्यायला उठली. नळ वीस पावलांवर. दम घेत जाऊन यायला तिला वीस मिनिटं लागत. ती बाहेर पडली आणि खालच्या सभागृहाचा कारकून आत आला.

“हे उसव,” त्याने विधेयक टेबलावर टाकलं. “सातवं कलम काढून नवव्याच्या मागे लाव. आणि पुठ्ठा नवा घाल.”

“मजकूर?”

“तोच. अक्षरही बदललेलं नाही.”

“मग उसवायचं कशाला?”

“कलमांचा क्रम बदलला की विधेयक नवं धरतात. मोजणी पहिल्यापासून.”

बाइंडरच्या हातातला दाभण थांबला. “म्हणजे वरच्यांना परत तीनदा अडवता येणार? अहो, पण आज तर सगळं तुमच्या एकट्यांच्या हातात होतं!”

“तेच तर लचांड झालं ना!” कारकून हसला. “इतके दिवस अडवायला ते होते, म्हणून आपले सभासद बिनधास्त हात वर करायचे. आज केले असते तर खरंच कायदा झाला असता. मग खाणमालकांना काय तोंड दाखवायचं? शीव लवकर, पंधरा मिनिटांत मांडायचंय.”

तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करतो. बाइंडरला शिसारी आली. या कारकुनाची आली, दोन्ही सभागृहांची आली, आणि तीन वेळा मन लावून घातलेल्या आपल्याच टाक्यांचीही आली. नाही म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. पण बहिणीची औषधं याच नोकरीवर चालत होती. त्याने टाके उसवले, सातवं कलम उचललं आणि नवव्याच्या मागे ठेवून पुन्हा शिवलं. पुठ्ठ्याला लावताना खळीचा वास नाकात बसला, नासलेल्या अन्नासारखा. खळ रोजचीच होती.

कारकून विधेयक घेऊन गेला. थोड्या वेळाने बहीण भिंतीला धरत परत आली आणि स्टुलावर टेकली. जुना पुठ्ठा त्याने पायानेच टेबलाखाली सारला. तिला सांगायचं कसं? विधेयकाच्या एका फेरीला वर्ष लागायचं, आणि डॉक्टरांनी तिला तेवढंही दिलं नव्हतं.

कर्णा खरखरला. मंत्र्यांचा आवाज घुमला, “खडी कामगारांसाठी हे सभागृह कुणापुढेही झुकणार नाही!” पाठोपाठ बाकं वाजली. दोन्ही बाजूंची, नेहमीपेक्षा जोरात.

बहिणीचे डोळे भरून आले. श्वास पुरत नव्हता, तरी तीही टाळ्या वाजवू लागली.

कर्ण्यात बाकं अजून वाजतच होती. बाइंडरने खळीने बरबटलेल्या हातांनी तिचे दोन्ही हात धरले.

“नको गं वाजवूस.”